सोलापूरहून ठाणे खाडीवर पक्षी पाहायला जाताना

प्रश्न: हिप्परगा तलावावर आणि उजनीच्या फुगवट्यावर मी दर हिवाळ्यात पक्षी पाहतो. यंदा जानेवारीत ठाणे खाडीवर जाण्याचा विचार आहे. तिथेही पहाटेच पोहोचावे का?

उत्तर १: आपल्याकडे पहाट महत्त्वाची, तिथे मात्र भरती-ओहोटी, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहावे. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी चरायला दूरवर पांगतात, पण पाणी चढू लागले की तेच थवे काठाकडे सरकतात आणि दुर्बिणीच्या टप्प्यात येतात. ही वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते.

उत्तर २: सहमत आहे. २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळालेल्या या खाडीवर बहुतेक जण रोहित (फ्लेमिंगो) पाहायला येतात, परंतु माझ्या मते उचाट्या हा पक्षी चुकवू नये. वर वळलेली बारीक चोच तो उथळ पाण्यात डावी-उजवीकडे अशी फिरवतो, की गवतावर विळा चालल्यासारखे वाटते. कृपया चिखलात उतरू नका. विसावलेला थवा उगाच उडतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. सकाळी उशिरा भरती असलेला रविवार शोधतो, म्हणजे रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून वेळेत पोहोचता येईल.