कार्टून म्हणजे व्यंगचित्र? (छतावरच्या चित्रांच्या संदर्भात)

चुनखडी: भाषांतर तपासताना अडलोय. चित्राखालच्या ओळीत 'कार्टून'चं थेट 'व्यंगचित्र' केलंय: 'आगोस्तिनो काराच्ची, व्यंगचित्र, सुमारे १५९९'! रोमच्या फार्नेझे राजवाड्याच्या छतासाठीचं हे कार्टून. उषादेवी सेफॅलसला पळवून नेतेय. कोळसा आणि पांढरा खडू, दोन मीटर उंच, चार मीटर रुंद. सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत. 'पूर्वरेखाटन' चालेल?

गिलावा: नाही. पूर्वरेखाटनं ढिगाने असतात: आधी मांडणी, मग एकेक हात, पाय, पाठ. कार्टून सगळ्यात शेवटचं, छतावरच्या चित्राच्याच मापाचं. कार्ता म्हणजे कागद, कार्तोने म्हणजे थोरला कागद. खळीने ताव जोडून केलेला. व्यंगाचा अर्थ १८४३ साली लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने चिकटवला.

जुनी वही: मग 'खाका' म्हणा की! रेषांवर सुईने भोकं पाडायची, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटायची. जरीकामवाले यालाच खाका म्हणतात. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद काय वेगळा? शिवाय फारसीत खाक म्हणजे धूळ.

तत्सम: पुन्हा फारसी? 'मानचित्र' काय वाईट आहे?

जुनी वही: हिंदीत तो नकाशा. छतावर नकाशा काढला होता का?

गिलावा: खाकाही अर्धाच बरोबर. पुष्कळदा भोकं नसतातच. कागद ओल्या गिलाव्यावर धरून बोथट टोकाने रेषा दाबतात, खाली चर उमटते. गिलावा फार ओला असेल तर कागद चिकटून फाटतो. आवळून आला की चर उमटत नाही.

चुनखडी: इतके हाल होऊन मूळ कागद टिकतो कसा?

गिलावा: बहुतेक टिकत नाहीत. जोर्नातागणिक, म्हणजे एका दिवसात रंगवायच्या तुकड्यागणिक, कापून वर नेतात. जपायचा असेल तर खाली कोरा कागद ठेवून दोन्ही एकदम टोचतात आणि खालचा वापरतात.

तत्सम: जोर्नातासाठी 'रोजकाम' घ्या.

जुनी वही: आता रोज कुठला, संस्कृत? आणि रोजकाम म्हणजे कोर्टातला कागद.

तत्सम: बरं, 'दिवसपट्टी'.

गिलावा: पट्टी नसते हो. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लावतात. उरला तर संध्याकाळी कडेला तिरका कापून खरवडतात, उद्याचा त्याला नीट भिडावा म्हणून. एका चेहऱ्याला अख्खा दिवस जातो, तेवढ्याच वेळात आकाशाचा भलामोठा तुकडा उरकतो. सांधे शक्यतो आकृतीच्या कडेकडेने नेतात, म्हणून तुकडे वेडेवाकडे.

तत्सम: मग 'दिवसतुकडा'?

जुनी वही: 'खांडवा' म्हणा!