२५० मिली दुधाचं माप आणि घनता सेन्सरनं काढायचीय, काय लावू?

जांबोटीकर:
खानापूर तालुक्यात गावची डेअरी बघतो. नमुन्याचं दूध स्टीलच्या पेल्यात घेतो, आतला व्यास ७० मिमी, दूध साधारण २५० मिली. लॅक्टोमीटरवरनं (दुधाची घनता दाखवणारी तरंगती नळी) रोज कटकट. पहाटे मोबाईलच्या उजेडात मला त्यावर २७ डिग्री (म्हणजे घनता १.०२७) दिसते, दूध घालणाऱ्याला २९. म्हणून आकडा सगळ्यांसमोर डिस्प्लेवर यावा असं डोक्यात आहे. पेल्याखाली लोडसेल (वजनाचा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग घेणारी एचएक्स७११ चिप बसवलीय, वजन बरं येतंय. उंचीसाठी वरनं अल्ट्रासॉनिक लावलाय, तो मात्र फेस असला की नाचतो. दुसरा कुठला सेन्सर घेऊ? पावसात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारं सांगा.

वायरवाला_टिळकवाडी:
लेझरचा घे की, व्हीएल५३एल०एक्स. स्वस्त आहे.

लेथवाला_उद्यमबाग:
लेझरनं पण भागणार नाही ओ. आधी हिशोब बघा. ७० मिमी व्यासात १ मिमी उंची म्हणजे ३.८ मिली. २५० मिलीत ती दीड टक्का चूक झाली. आता चांगल्या दुधाची घनता १.०३० धरा, त्यात दहा टक्के पाणी मारलं तर १.०२७ होतं. फरक सगळा मिळून ०.३ टक्के! म्हणजे पाणी पकडायला उंची ०.२ मिमीच्या आत कळायला पाहिजे, ती पण फेसाच्या खालची. हे सेन्सर मिमीतच हलतात. अल्ट्रासॉनिकला तर २ सेंमीच्या आतलं दिसतच नाही, आणि लाट पसरून पेल्याच्या काठावर आपटते ते वेगळंच.

उंची सोडूनच द्या. लोडसेल आहे तोच पुरे.

दुधाचं वजन घेऊन ठेवा. मग काट्याला न टेकणाऱ्या वरच्या पट्टीला बारीक तारेनं एक ओळंबा टांगा आणि तो दुधात पुरता बुडेल असा खाली सोडा. तळाला टेकू नये, कडेला घासू नये. काट्यावर वजन वाढलेलं दिसेल. ओळंब्याचं स्वतःचं वजन पट्टीनं पेललंय, तेव्हा वाढलं ते फक्त त्यानं बाजूला सारलेल्या दुधाचं वजन. त्याला ओळंब्याच्या घनफळानं भागा, घनता आली. पहिल्या वजनाला घनतेनं भागा, मिली आले. सेन्सर एकच, आकडे दोन.

४५ मिमी व्यास, ६० मिमी उंच असा कातला तर घनफळ ९५ मिली. दहा टक्के पाण्याला पाव ग्रॅमहून थोडा जास्त फरक पडेल. ५०० ग्रॅमचा लोडसेल कमी पडू शकतो, पेला धरून वजन त्याच्या वर जाऊ शकतं. १ किलोचा घ्या आणि दहा-वीस रीडिंगची सरासरी काढा. घनफळ मापानं धरू नका, पाण्यात बुडवून काढा. २७ अंशाला पाणी ०.९९६५ असतं, १ धरलं तर तिथंच गंडाल.

निपाणीची_आक्का:
लेथवाल्या भावाचं बरोबर, पण तापमान राहिलं. दूध दहा अंशानं गरम असलं की घनता ०.००३ च्या आसपास उतरते, म्हणजे दहा टक्के पाणी मारल्यासारखीच. धारोष्ण दूध लगेच मोजलंत तर बिचाऱ्या चांगल्या माणसाला चोर ठरवाल. तापमान मोजणाऱ्या डीएस१८बी२० चा स्टीलवाला प्रोब टाका आणि फेस बसू द्या.

आणि ह्या मशीनच्या आकड्यावर कुणाचे पैसे कापू नका हं. मलई काढली की घनता वाढते, मग पाणी घातलं की परत जागेवर येते. डिग्री एकदम झकास लागते! फॅट मोजल्याशिवाय ते कळत नाही. आमच्या भागातले लोक ह्यात पीएचडी आहेत.

जांबोटीकर:
आक्का, फॅट मोजतोच आम्ही. लेथवाले दादा, ओळंबा पितळेचा चालेल काय? घरात तुकडा पडलाय.

लेथवाला_उद्यमबाग:
दुधात पितळ नको. ३०४ स्टीलचा करा, वरचं टोक निमुळतं ठेवा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत, आणि पॉलिश करून घ्या. दर वेळी धुवायचाय तो. तार जितकी बारीक तितकं बरं, जाड तारेला दूध चढतं आणि आकडा हलतो. ड्रॉइंग टाका इथं, बघून सांगतो.