तेलाआधी पाणी

एकाने विचारलंय की तोंडाकडून दारू-गोळी भरायच्या जुन्या धाटणीच्या प्रतिकृती रायफलची नळी नेमबाजीनंतर लगेच तेलाने पुसली, तरी चार दिवसांत आत गंज कसा चढला. तेलानेच घोळ केला. काळ्या दारूची (बंदुकीच्या जुन्या पद्धतीच्या स्फोटक भुकटीची) राख क्षारयुक्त असते, हवेतला ओलावा ओढून घेते आणि ती विरघळते फक्त पाण्यात. खनिज तेलात तिचं डांबरासारखं चिकट किटण होतं, त्याखाली ती राख लोखंड खात राहते.

आधी नळी रिकामी आहे ना, ते बघाच. रिकाम्या नळीत गज (दारू-गोळी आत ठासायची लांब काठी) पूर्ण आत सोडून नळीच्या तोंडापाशी त्यावर कायमची खूण करून ठेवा. पुढे ती खूण बाहेर दिसली तर आत बार (भरलेली दारू-गोळी) आहे असं समजा. मग निपल (ठिणगी देणारी स्फोटक टोपी जिच्यावर बसते ती छोटी नळी) काढा, नळी दस्त्यातून सुटी होत असेल तर तिचं बूड साबणाच्या कोमट पाण्यात बुडवा आणि गजाला लावलेली घट्ट चिंधी आत पंपासारखी वरखाली करा. उकळतं पाणी नको, त्याने लगेच तांबूस झाक धरते. कोरडी चिंधी स्वच्छ निघाली की पातळ तेल, निपलच्या आट्यांना ग्रीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी फिरवा. तपकिरी आली तर परत तेल.

पुढच्या वेळी भरण्याआधी हे तेल पुसून, सुरक्षित दिशेला धरून दारू-गोळी न भरता निपलवर दोन टोप्या नुसत्या उडवा. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. धूरविरहित दारू (आधुनिक काडतुसांतली) चिमूटभरही नको. बार उडाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबा.