तुमच्या गल्लीच्या पोटात काय निघालं? (अनुभव धागा)

फरशीवरची
परवा आमची गिरगावातली चाळ पाडायला घेतली. अंगणात एक मोठी काळी फरशी होती, लगोरी आम्ही तिच्यावरच रचायचो. जेसीबीने ती उचलली आणि खाली विहीर! गोल, दगडी, तळाशी चक्क पाणी. जेसीबीवाल्या दादाने खाली उतरून चपला काढल्या, हात जोडले आणि मग पुढचं काम.
आईला सांगितलं तर म्हणाली, "मग तुझ्या वेळी ओटी कुठे भरली असं वाटलं तुला?" बाळंतिणीने विहिरीची ओटी भरायची, म्हणून ती त्या फरशीवर खण-नारळ ठेवून आली होती. मी एवढी वर्षं त्यावर उड्या मारत होते.
तेव्हापासून वाचत सुटलेय. विहार तलावाचं पाणी नळाने आलं १८६० साली. त्याआधी शहराची तहान विहिरी-तळ्यांवरच. मग १९११ मध्ये डॉ. बेंटलीचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला. डास विहिरींत वाढतात म्हटल्यावर त्या बुजवायची मोहीम निघाली. लोक चिडले, पूजेचं पाणी आहे म्हणाले. तेव्हा कुठे कुठे झाकण आणि बारीक जाळी यावर मिटलं. आमच्या फरशीला कडेला वीतभर चौकोनी भोक होतं. ते त्या जाळीचंच असणार. त्यात किती गोट्या गेल्यात माझ्या!
तुमच्याकडे काय सापडलं? कसं शोधलंत?

पेठकरी
पुण्यात खणलं की कात्रजचा नळ. नळ म्हणजे तोटी नव्हे, माणूस आत जाईल असं दगडी बांधकाम. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. कात्रजच्या तलावातून नुसत्या उतारावर पाणी शहरातल्या हौदांत. मध्ये मध्ये उच्छ्वास, म्हणजे हवा खेळायला आणि गाळ काढायला वर उघडणारी उभी भोकं. आमच्या वाड्यातला हौद आजोबांनी बुजवून त्यावर स्कूटर लावायची सोय केली. बोलू नका.

उपाशी_विठोबा
शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार आहे म्हणतात ते खरं का?

पेठकरी
अहो, रस्ता खणताना नळ दिसला की लगेच भुयार होतं. घोडेस्वार जायचा म्हणे त्यातून. घोडा बिचारा पोहत गेला असेल.

ताकभात
😂😂 कुकर लावून आले, मग लिहिते

दांडियाबाजार
बडोद्याहून. आमच्या वाड्यात विहीर होती, सयाजीरावांनी आजव्याच्या तलावाचं पाणी आणल्यावर तिच्याकडे कोण बघणार. आता तिथे पाण्याची मोटर बसवलीय. इतिहास काही नाही, पण शेजारच्या काकू अजून "विहिरीकडे जाते" म्हणतात आणि मोटर चालू करून येतात.

मोडीवेडा
मी एक सल्ला देतो, मोडी शिका. मी शिकलो. पणजोबांच्या ट्रंकेतला कागद निघाला, सहीशिक्क्याचा. वाटलं इनामाची सनद. दोन महिने अक्षर अक्षर लावत बसलो. निघालं काय, तर ४० रुपये उसने घेतल्याची चिठ्ठी. परत केल्याचा उल्लेख नाही.

फरशीवरची
@मोडीवेडा सावकाराचे वंशज हा धागा वाचत असतील हं.

मोडीवेडा
म्हणूनच गावाचं नाव लिहिलं नाही.

गिरणीचा_भोंगा
सोलापूर. आमच्याकडे विहीर वगैरे नाही, भोंगा होता. जुनी गिरण १८७७ची, म्हणजे मुंबईच्या विहिरी बुजायच्या आधीची. आजी भोंग्यावर भाकऱ्या टाकायची. गिरणी बंद पडली, मग घड्याळ घेतलं, तरी म्हणायची "भोंगा झाला का?" वारली तेव्हा संध्याकाळ होती. जाऊ दे, विषय नव्हता हा.

ताकभात
असू दे हो. लिहा तुम्ही.
आमच्याकडे शोध कसा लागला तर मिळकत पत्रिकेवरून. सिटी सर्व्हेच्या कचेरीत तीन फेऱ्या, चौथ्याला साहेब जेवायला. पाचव्याला नकाशा मिळाला. माझी खोली आहे तिथे "गोठा" लिहिलंय. नवरा म्हणतो, फारसा फरक नाही.

वाडीतला
@फरशीवरची मुगभाटात का तुमची चाळ? गोट्यांचं भोक आठवतंय! मी दुसऱ्या माळ्यावर होतो, कोपऱ्यातली खोली.

फरशीवरची
अय्या! पापड वाळत घातले की चोरणारे ते तुम्ही?

वाडीतला
उडदाचे. पोह्यांचे नाही.

फरशीवरची
आईला विचारते, तिला पक्कं आठवत असेल. विहिरीच्या दगडावर काही कोरलंय असं वाटतंय पण माती फार आहे. ठेकेदाराने शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. कुणी जवळपास असेल तर ताठ ब्रश आणि टॉर्च घेऊन या. चहा माझ्याकडून.

वाडीतला
गुरुवारी येतो. पापड असतील ना?