दशावतार, साबर बोंडं आणि एक पीडीएफ

सोसायटीचा ग्रुप, शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

सावंत काका (बी ४०३): मंडळी, काल 'दशावतार' सिनेमा तिसऱ्यांदा बघून आलो. गावाहून मावसभाऊ आलाय, त्याला घेऊन गेलो होतो. पाण्याच्या टाकीचा विषय संपला असेल तर दोन शब्द लिहितो.

मेघना (ए २०१): लिहा काका. टाकीचं सोमवारी बघू.

सावंत काका: माझं बालपण कुडाळ तालुक्यात गेलं. जत्रेच्या रात्री आजोबांच्या घोंगडीत शिरून आम्ही दशावतार बघायचो. खेळ सुरू व्हायच्या आधी देवळाच्या पडवीत नटमंडळी जमिनीवर बसून, मांडीला आरसा टेकवून स्वतःचं तोंड स्वतःच रंगवायची. आम्ही पोरं खांबाआडून बघत उभी. लुगडं नेसलेला तो माणूस पलीकडच्या वाडीत भात लावतो हे आम्हाला ठाऊक असायचं. तरी तो उजेडात आला की आमच्यासाठी अनसूयाच. लिहिलेली संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरायचं, बाकी सगळे संवाद उभ्या उभ्या. सोबतीला पायपेटी, पखवाज, झांज. पहाटे दहीहंडी फुटली की खेळ संपला, मग पेटारे डोक्यावर घेऊन पुढच्या गावची वाट. म्हणून आमच्याकडे म्हणतात, 'रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा'. प्रभावळकरांच्या बाबुली मेस्त्रीत मला तो राजाही दिसला आणि बोजाही. नजर जात चाललीय, मुलगा म्हणतोय आता बास, आणि ह्याचा पाय काही रंगमंचावरून निघत नाही. ८१ व्या वर्षी हे काम केलंय त्यांनी. मी तर हात जोडले.

रोहन (सी १०२): काका, प्रभावळकरांबद्दल शंभर टक्के. पण मला मध्यंतरापर्यंतचाच सिनेमा आवडला. बाप-लेकाचं घर, त्यांचं बोलणं, ते सगळं इतकं खरं होतं. नंतर सूड, मारामारी, मोठमोठे आवाज. 'कांतारा' बघतोय असं वाटायला लागलं. त्या घरातच अजून थोडा वेळ थांबायला हवं होतं.

सावंत काका: तुझं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या मुलीचंही तेच मत. पण एक सांगतो. सिनेमातला खाणीचा प्रश्न आमच्याकडे खरा आहे. आमच्या जिल्ह्यात रेडी, कळणे इथं लोहखनिजाच्या खाणी झाल्या. मावसभाऊ दोडामार्गाकडचा. सिनेमा चालू असताना तो एक अक्षर बोलला नाही. बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, "आमचो डोंगर असोच गेलो." मला त्यानंतर उत्तरार्धाला नावं ठेववत नाहीत. ज्याचा डोंगर गेला त्याला कुणीतरी मोठ्या आवाजात ओरडायला हवं असतं.

रोहन: हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं काका.

मेघना: आता मी. 'साबर बोंडं' कुणी बघितला का? दोन आठवड्यांपूर्वी आलाय, १९ सप्टेंबरला. रोहन कानवडे दिग्दर्शक. यंदा जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला त्याला. तिथं पोचलेला हा पहिला मराठी चित्रपट. आणि आपल्याकडे? दिवसाला एकच खेळ, तोही भलत्या वेळी. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेले. आम्ही अकरा जण होतो सगळ्या थिएटरात.

जोशी काका (ए ५०४): तो दोन मुलांच्या प्रेमाचा ना? पेपरात वाचलं. घरच्यांबरोबर बसून बघण्यासारखा आहे का?

मेघना: काका, मी आईबरोबर बघितला. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद, त्याचे वडील जातात. दहा दिवसांच्या सुतकासाठी तो आईबरोबर गावी जातो. नातेवाईक त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावतात. तिथं त्याला बाळ्या भेटतो, लहानपणचा मित्र. एवढंच. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा एका जागी शांत बसून बघत राहतो. मला सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर त्याची आई. मुलाबद्दल तिला सगळं माहीत आहे आणि ती त्याच्या बाजूला उभी आहे. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या वडिलांच्या जाण्यातून ही गोष्ट उभी केलीय, आणि ते बघताना कळतं.

जोशी काका: मला हे विषय अजून जड जातात. प्रामाणिकपणे सांगतो.

नीला मावशी (बी १०१): जोशीभाऊ, मी गेले होते मेघनाच्या आईसोबत. मलाही आधी धाकधूक होती. पण मी संगमनेरकडची. तिथली भाषा, ती उन्हं, ओट्यावर येऊन बसणाऱ्या बायका, सगळं ओळखीचं. साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची फळं हे इथं किती जणांना माहीत आहे? लालभडक, आणि अंगावर डोळ्याला न दिसणारी कुसं. आम्ही काठीनं पाडायचो, मातीत चांगली घोळायची, म्हणजे कुसं झडतात. तरी एखादं बोटात राहायचंच आणि दोन दिवस सलायचं. खाल्लं की जीभ, ओठ, फ्रॉक सगळं लाल. सिनेमाचं नाव कुणी ठेवलं असेल त्याला त्या फळाची चव ठाऊक आहे.

नीला मावशी: आणि दुसरं. हे गेले तेव्हा माझा मुलगा दहा दिवस असाच बसून होता. अनवाणी, सतरंजीवर. येणारा प्रत्येक जण त्याला काहीतरी शिकवत होता, हे असं कर, ते तसं नको. त्याला काय वाटतंय हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. त्या पोराकडे पडद्यावर बघताना मला माझा मुलगा दिसला. घरी येऊन त्याला फोन केला, तासभर बोललो. सहा वर्षांनी आम्ही ह्यांच्याबद्दल बोललो.

मेघना: मावशी...

सावंत काका: नीलाताई, हे लिहिलंत ते बरं केलंत.

अनिकेत (सी ३०४): मस्त चर्चा चाललीय. मी सिनेमे नाही बघितले, पण कालच्या अभिजात मराठी दिनानिमित्त माझ्याकडून ग्रुपला भेट. देविदास सौदागर यांची 'उसवण', साहित्य अकादमीचा २०२४ चा युवा पुरस्कार मिळालेली कादंबरी. दुसऱ्या ग्रुपवर आलीय. सगळ्यांनी डाउनलोड करून घ्या.

[पीडीएफ: उसवण]

रोहन: वा, धन्यवाद!

वैशाली (बी २०४): अनिकेत, प्लीज ही पीडीएफ काढून टाक. सगळ्यांसाठी डिलीट कर, अजून वेळ आहे.

अनिकेत: का गं ताई? चांगलं पुस्तक आहे. जास्त लोकांपर्यंत पोचेल ना.

वैशाली: थांब, नीट लिहिते. राग नाही, पण मला हे मनापासून लागलंय.

वैशाली: माझे बाबा शिंपी. बार्शीत आमचं दहा बाय बाराचं दुकान होतं. गळ्यात टेप, कानावर खडूची वडी, पायाखाली मशीन. गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहायचे आणि कापडाची एक चिंधी कापून पावतीला टाचून द्यायचे, म्हणजे ज्याचं त्याला जाईल. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मशीनचा आवाज रात्री दोनपर्यंत चालायचा, आम्ही त्या आवाजात झोपायचो. मशीन थांबलं की जाग यायची. मग समोर रेडिमेडचं दुकान आलं. पहिल्या वर्षी बाबा म्हणाले, लोक परत येतील, अंगावर बसणारं कापड वेगळंच. तिसऱ्या दिवाळीला आमच्याकडे शिवायला फक्त गणवेश होते. पाचव्या वर्षी चेन बदलणं, पँटी आखूड करणं आणि साडीला फॉल. ज्या माणसानं गावातल्या नवरदेवांचे सूट शिवले तो दुसरीकडून घेतलेल्या पँटींच्या उंच्या कमी करत होता. ते कधी काही बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

वैशाली: 'उसवण' मी जूनमध्ये वाचली. रेडिमेडच्या जमान्यात एका शिंप्याचं घर टाक्याटाक्यानं कसं उसवत जातं, त्याची गोष्ट आहे. शिंप्यावर दुसरं कुणीही लिहिलं असतं तर कष्ट, गरिबी, घाम असं काहीतरी लिहिलं असतं. पण सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम करणारे. हे त्यांनी ऐकून लिहिलेलं नाही, मशीन त्यांच्याच पायाखाली होतं. मी ते पुस्तक एका बैठकीत वाचू शकले नाही. मध्ये दोनदा उठून गॅलरीत गेले.

वैशाली: आणि आता आपण त्यांच्याशी काय करतोय? बाबांकडे कापड टाकून, कपडे घेऊन पैसे न देता कुणी गेलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? युवा पुरस्काराचे ५०,००० रुपये एकदाच मिळतात. पुस्तक विकलं गेलं तरच लेखकाला पुढचं लिहायला बळ येतं, प्रकाशकाला नवा लेखक छापायची हिंमत होते. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येकदा वर्षं जातात. आपल्या एका ग्रुपवर शंभर घरं आहेत.

अनिकेत: डिलीट केली ताई. खरंच माझ्या हे लक्षातच आलं नाही. 'भेट' म्हणून टाकली होती.

वैशाली: माहितीय रे. तुझ्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच एवढं लिहिलं.

रोहन: मीही फोनमधून काढली. एक विचारतो, मग सगळ्याच पीडीएफ चुकीच्या का? माझ्याकडे जुन्या पुस्तकांच्या खूप आहेत.

अश्विनी (ए ३०२): मी सांगते, रोजचं काम आहे माझं. लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. लक्ष्मीबाई टिळक १९३६ ला गेल्या, म्हणजे 'स्मृतिचित्रे' खुशाल पाठवा. साने गुरुजी १९५० ला गेले, 'श्यामची आई' पण मोकळी. पण पु. ल. २००० ला गेले, व्यंकटेश माडगूळकर २००१ ला. त्यांची पुस्तकं अजून कितीतरी वर्षं विकतच घ्यायची. आणि जुन्या पुस्तकालाही नवी प्रस्तावना, टिपा असतील तर तेवढा भाग त्या लिहिणाऱ्याचा.

नीला मावशी: 'स्मृतिचित्रे' माझ्या उशाशीच असतं. कितव्यांदा वाचतेय ते मोजत नाही. वडिलांचं ते टोकाचं सोवळं, नवऱ्यानं धर्म बदलल्यावरची ताटातूट, आणि बाई कुठेही रडगाणं गात नाही. अनिकेत, पीडीएफ पाठवायचीच तर ती पाठव सगळ्यांना.

जोशी काका: छान माहिती दिलीत अश्विनीताई. वैशाली, तुझं लिहिणं वाचून एक सुचवतो. लक्ष्मीपूजन २१ तारखेला आहे, दिवाळी अंक आठवडाभरात यायला लागतील. १९०९ ला का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली परंपरा. आता एक अंक तीनशे-चारशेला पडतो, एकट्यानं दहा घेणं जमत नाही. ३० घरांनी दोनशे दोनशे काढले तर ६,००० होतात. पंधरा अंक सहज येतील. आठवड्याला एक अंक, रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बदलून न्यायचा. हिशेब मी ठेवतो.

सावंत काका: माझे २०० लिहा.

मेघना: माझे, आणि आईचे वेगळे. ती माझ्या हातात अंक पडू देत नाही.

रोहन: मी पण. ऑफिसातलं ते मोडकं कपाट मी दुरुस्त करून घेतो.

अश्विनी: एक अंक फक्त मुलांसाठी घ्या.

जोशी काका: दोन घेऊ. मेघना, तो सिनेमा अजून कुठे चालू आहे का? मला विषय पटेलच असं म्हणत नाही. पण न बघता बोललो, ते बरोबर नव्हतं.

मेघना: ठाण्याला उद्या दुपारचा एक खेळ दिसतोय काका. लिंक तुम्हाला वेगळी पाठवते.

वैशाली: अनिकेत, माझी 'उसवण' खाली वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलीय, खाकी पिशवीत. वाचून झाली की जोशी काकांच्या कपाटात जाऊ दे. मी दुसरी प्रत मागवते.

अनिकेत: घेतली ताई.

रविवार, ५ ऑक्टोबर, रात्री १२.४०

अनिकेत: ताई, जागी आहेस का? अर्ध्यावर आलोय. एक विचारायचं होतं. शर्टाची काजं तुझे बाबा मशीनवर करायचे का?

वैशाली: नाही रे. हातानं. काजं आई करायची. दुपारी जेवणं झाली की उंबऱ्यात उजेडाला बसायची, मांडीवर शर्टांचा ढीग, रेडिओ लावलेला. एका शर्टाला सात.