सहलीच्या हॉटेलात जेवणाचा प्लॅन आधीच घ्यावा का?

रिकामा_डबा

नमस्कार मंडळी. चार रात्रींची सहल ठरते आहे. माणसं सहा: आम्ही दोघं, १० आणि ४ वर्षांची मुलं, सत्तरीतले आई-बाबा. खोल्या दोन. हॉटेलकडून सीपी (नाश्ता), एमएपी (नाश्ता आणि एक जेवण) आणि एपी (तिन्ही वेळचं) असे तीन दर आलेत. एजंटचं म्हणणं, एपीच घ्या, डोक्याला ताप नाही. पण दरातला फरक चांगलाच आहे.

पहिल्या दिवशी पोहोचायला रात्रीचे नऊ तरी वाजतील. शेवटच्या दिवशी पहाटे साडेपाचला निघायचं. मधल्या तीन दिवसांपैकी दोन दिवस सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परत. हिशेब नेमका कसा मांडायचा? आणि प्लॅनमध्ये काय काय धरलेलं नसतं?

---

ताळेबंद

दर बाजूला ठेवा. आधी जेवणं मोजा.

ईपी म्हणजे नुसती खोली. सीपीत नाश्ता. एमएपीत नाश्ता आणि एक मुख्य जेवण, बहुतेक ठिकाणी रात्रीचं. एपीत तिन्ही वेळा. काही हॉटेलं एमएपीला हाफ बोर्ड आणि एपीला फुल बोर्ड म्हणतात. ऑल इन्क्लुझिव्ह हा प्रकार वेगळा, त्यात मधल्या वेळचं खाणं आणि ठरावीक पेयंही येतात.

आता मेख अशी की आकारणी रात्रींवर होते आणि जेवणं होतात दिवसांवर. चार रात्रींच्या एपीत माणशी १२ जेवणांचे पैसे जातात. तुमच्या वेळापत्रकात त्यातली किती बसतात ते बघा.

नाश्ते ४. शेवटचा पहाटेच्या निघण्यात जातो, कारण नाश्ता साधारण सात-साडेसातला लागतो. उरले ३.

दुपारची जेवणं ४. त्यातलं एक हॉटेल येण्याच्या किंवा निघण्याच्या दिवशी धरतं, ते तुमचं दोन्हीकडून बुडालं. मधल्या तिनांपैकी दोन दिवस तुम्ही बाहेर. उरलं १.

रात्रीची ४. पहिल्या रात्रीचं भरवशाचं नाही. नऊला पोहोचून, नोंदणी करून, सामान खोलीत टाकून खाली येईपर्यंत बुफे आवरायला घेतलेला असू शकतो. उरली ३.

बारापैकी सात. एपीचा प्रश्न इथेच मिटला. दुपारच्या एका जेवणासाठी चारांचे पैसे भरण्यात अर्थ नाही.

एमएपीचं मात्र नीट मोजावं लागेल. प्रत्यक्ष दर माहीत नाहीत म्हणून आकडे प्रमाणात घेतो. समजा तिथेच आयत्या वेळी पैसे देऊन जेवलात तर मोठ्या माणसाचा बुफे १००. एमएपी आणि सीपी यांच्यातला फरक माणशी, रात्रीला ७०. दहा वर्षांच्या मुलाला निम्मा, म्हणजे ३५. चार वर्षांच्याला काही नाही. रोजचे ७० × ४ + ३५ = ३१५, चार रात्रींचे १२६०.

चारही रात्री जेवलात तर एक जेवण पडलं ३१५ ला. तीन रात्री जेवलात तर ४२०. दोनच रात्री, तर ६३०. काउंटरवर तेच जेवण ४ × १०० + ५० = ४५० ला मिळतं. म्हणजे तीन रात्री न चुकता जेवलात तर जेवणामागे ३० वाचले. एखाद्या संध्याकाळी बाहेरच खाऊन आलात की जेवणामागे १८० तोटा.

थोडक्यात सूत्र: प्लॅनचा दर भागिले काउंटरचा दर. इथे ७० टक्के. चार जेवणांच्या ७० टक्के म्हणजे २.८, म्हणून किमान तीन जेवणं व्हायलाच हवीत. तुमच्याकडे तीनच आहेत, चुकायला जागा नाही. तुमचे खरे आकडे घालून हेच गणित पुन्हा करा.

---

पाऊलवाट

वरचा हिशेब बरोबर, पण तुलना बुफेच्या काउंटर दराशी केली आहे आणि हॉटेलला नेमकी तीच हवी असते. 'एवढे वाचवा' ही पाटी नेहमी सगळ्यात महागड्या पर्यायासमोर लावलेली असते. खरी तुलना करायची ती प्लॅन नसता तर तुम्ही काय खाल्लं असतं, त्याच्याशी.

सहा माणसांत दोन सत्तरीतली आणि एक चार वर्षांचं. रात्री सूप आणि एखादा हलका पदार्थ एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांच्यासाठी अमर्याद बुफेचे पैसे भरणं म्हणजे बादलीभर पाण्याचे पैसे देऊन पेलाभर पिणं. मेन्यू कार्डावरून चार-पाच पदार्थ मागवून सगळ्यांत वाटून घेतले तर बिल बुफेच्या बरंच खाली येतं. वरच्याच मापात ते ३०० च्या आत बसलं, तर एमएपी चारही रात्री जेवूनसुद्धा महागच. हॉटेलकडून मेन्यू कार्डाचा फोटो मागवा. बहुतेक देतात.

आणखी एक. पैसे आधी भरले की माणूस वसुलीला लागतो. भूक नसताना ताट भरतो, किंवा फिरायच्या जागेवरून तासभर आधी निघतो, का तर जेवणाची वेळ चुकायला नको. हा खर्च कुठल्याच बिलात दिसत नाही.

---

बारीक_अक्षर

प्लॅनमध्ये काय नसतं, या भागाला उत्तर देतो. घोळ होतात ते इथेच.

पेयं. नाश्त्याबरोबरचा चहा-कॉफी बहुधा धरलेला असतो, रात्रीच्या जेवणानंतरची कॉफी बहुधा नसते. बाटलीबंद पाणी, शीतपेयं, ताजा रस यांचं बिल वेगळं. वेटर टेबलावर येऊन नुसतं 'पाणी कोणतं?' विचारतो आणि सीलबंद बाटली उघडतो. साधं पाणी हवं असेल तर ते तेव्हाच सांगायचं, बाटली उघडल्यावर नाही.

जागा. प्लॅन मुख्य रेस्टॉरंटपुरता असतो. त्याच हॉटेलातलं दुसरं रेस्टॉरंट, पोहण्याच्या तलावाजवळचा काउंटर, रूम सर्व्हिस हे सगळं बाहेर. आजारी माणसासाठी प्लॅनमधलं जेवण खोलीत आणून देतात का, ट्रे चार्ज लागतो का, हे आधी विचारा. ज्येष्ठ बरोबर असतील तर हा प्रश्न टाळू नका.

बुफे की ठरलेलं ताट. खोल्या कमी भरल्या असतील तर हॉटेल बुफे लावत नाही, सूप-दोन मुख्य पदार्थ-गोड असा ठरावीक मेन्यू देतं. पैसे तेवढेच. बुफेच्या भरवशावर दर मान्य केला असेल तर 'बुफे नसल्यास काय' याचं उत्तर लेखी घ्या.

मुलांचं वय. पाच, सहा, बारा अशा रेषा असतात, पण त्या हॉटेलागणिक हलतात. 'सहा वर्षांपर्यंत' यात सहा पूर्ण झालेलं मूल येतं की नाही, हे स्पष्ट करून घ्या. वय बुकिंगच्या तारखेला धरतात की मुक्कामाच्या, तेही. आणि मुलाचा मुक्काम मोफत म्हणजे जेवण मोफत, असं समजू नका. प्लॅनचा दर बहुतेकदा खोलीतल्या दोन मोठ्या माणसांपुरता असतो. तिसऱ्याचं आणि मुलांचं वेगळं लागतं.

कर आणि सेवा शुल्क. काउंटरचा दर 'अधिक कर' असा सांगतात आणि प्लॅनचा दर करासकट, किंवा उलट. दोन्ही एकाच पातळीवर आणल्याशिवाय भागाकार करू नका.

२४ आणि ३१ डिसेंबर. या रात्री मुक्काम असेल तर अनेक हॉटेलं गाला डिनरची सक्तीची रक्कम लावतात. एमएपी असला तरी वरचा फरक भरावा लागतो.

परतावा. न घेतलेल्या जेवणाचे पैसे परत मिळत नाहीत, हेच धरून चाला. अदलाबदल मात्र कधी कधी होते: रात्रीच्या ऐवजी त्याच दिवशी दुपारचं. आदल्या संध्याकाळी सांगितलं तर शक्यता बरी असते.

आणि बाहेरच्या दोन दिवसांच्या सहली तुम्ही पॅकेजमध्ये घेत असाल तर त्यात दुपारचं जेवण आहे का ते तपासा. एपी घेतला असता तर तेच जेवण दोनदा विकत घेतलं असतं.

---

दोन_घास_कमी

प्लॅनच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवं.

हॉटेल वस्तीपासून किती लांब आहे, यावर निम्मा निकाल लागतो. बाहेरच्या जेवणाचं बिल २६० म्हणून स्वस्त वाटतं, पण सहा माणसांना एका साध्या टॅक्सीत बसता येत नाही. दोन टॅक्सी, जाणं-येणं मिळून १०० गेले की ३६० झाले, आणि एमएपी चारही रात्री वापरला तर ३१५ लाच होता. शिवाय रात्री साडेनऊला झोपेला आलेलं चार वर्षांचं मूल खांद्यावर टाकून गाडी शोधायची.

वाढीच्या वयातली दोन-तीन मुलं असतील तर बुफे हमखास परवडतो. ती मेन्यू कार्डावरून मागवायला लागली की बिलाला अंत नसतो. तुमच्याकडे तसं गिऱ्हाईक एकच, तेही दहा वर्षांचं.

अॅलर्जी असेल तर मात्र उलट. बुफेत एकाच चिमट्याने लोक चार भांड्यांतून वाढून घेतात, त्यामुळे पाटी बरोबर असली तरी आतला पदार्थ शुद्ध राहीलच असं नाही. तिथे मेन्यू कार्डावरून सांगून करून घेतलेलं ताट बरं.

लांब मुक्काम असेल तर मेन्यू किती दिवसांनी फिरून तोच येतो, ते विचारा. चार दिवसांचं चक्र असलं तर पाचव्या रात्री पहिल्या रात्रीचंच जेवण समोर येतं. तुमच्या चार रात्रींना फारसा फरक पडणार नाही.

---

ताळेबंद

एक राहिलं. काही रिसॉर्ट आणि मनोरंजन उद्यानं जेवणाऐवजी क्रेडिट किंवा गुण विकतात. 'रोज माणशी एक बसून जेवण, एक काउंटरवरचं, एक मधल्या वेळचं' अशा धर्तीवर. तिथे एक क्रेडिट म्हणजे एक क्रेडिट, पदार्थ स्वस्त असो वा महाग. स्वस्त पदार्थावर खर्च केलं की तोटा. म्हणून क्रेडिट महागड्या जेवणाला वापरायचं आणि किरकोळ खाण्याचे पैसे रोख द्यायचे. निघताना उरलेली क्रेडिट वाया जातात, तेव्हा ती कधी संपतात ते आधीच बघून ठेवा. आणि टीप त्यात धरलेली आहे का, तेही.

---

रिकामा_डबा

सगळ्यांचे आभार. हॉटेलला विचारलं. रात्रीचं जेवण साडेसात ते दहा. बुफे किमान १५ खोल्या भरल्या तरच, नाहीतर ठरावीक मेन्यू. जवळचं रेस्टॉरंट ६ किलोमीटरवर. मेन्यू कार्ड पाठवलंय. त्यावरून सहा जणांचा हिशेब करून पाहिला तर बुफेच्या काउंटर दराच्या दोन-तृतीयांश येतं. दोन खोल्यांना दोन वेगळे प्लॅन घेता येतील का? मुलांना साडेसहालाच भूक लागते, तो प्रश्न आहेच.

---

बारीक_अक्षर

प्लॅन खोलीला लागतो. एका खोलीत एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने नाही, हे बहुतेक चालत नाही, पण दोन खोल्यांना दोन प्लॅन चालतात. फक्त मग एका टेबलावर बुफेवाले आणि बिलवाले एकत्र बसतात आणि ताटांची देवाणघेवाण झाली की हॉटेल हरकत घेतं. तुमच्या बाबतीत त्यातून फारसं काही सुटणार नाही.

४५० च्या दोन-तृतीयांश म्हणजे ३००. एमएपी तीन रात्रींना ४२० ला पडतोय. तेव्हा दोन्ही खोल्या सीपीवर घ्या आणि रात्री हॉटेलातच मेन्यू कार्डावरून मागवा. टॅक्सीचा खर्चही वाचला. सीपीवरून एमएपीवर तिथे गेल्यावर चढता येतं, एमएपीवरून खाली उतरता येत नाही. फक्त काउंटरवर प्लॅन वाढवताना तोच दर मिळेल का, एवढं ईमेलवर मागून घ्या. एखाद्या रात्री बुफेच हवा झाला तर दुपारी चार-पाचपर्यंत रिसेप्शनला सांगा. हॉटेल भरलेलं असलं की प्लॅन नसताना बिल भरून जेवणाऱ्यांना शेवटी जागा मिळते.

मुलांच्या भुकेसाठी खोलीतल्या किटलीत होणारं काहीतरी आणि फळं जवळ ठेवा. बुफे साडेसातला सुरू होतो म्हणजे मुलाच्या तोंडात घास जायला पावणेआठ. मेन्यू कार्डावरचं जेवण काही ठिकाणी सात वाजल्यापासून मिळतं, तेही विचारा.

पहिल्या रात्रीसाठी निघतानाच फोन करून चार ताटं झाकून ठेवायला सांगा. स्वयंपाकघर दहाला बंद होत असलं तरी आधी सांगितलेलं जेवण सहसा ठेवतात. शेवटच्या पहाटे नाश्ता पॅक करून मागा. तो सीपीत आधीच भरलेला आहे, पण आदल्या रात्री आठच्या आत सांगितलं नाही तर पहाटे पाचला रिसेप्शनवरच्या माणसाच्या हातात काही नसतं.

आणि व्हाउचरवर 'जेवणासह' एवढंच मोघम लिहून आलं तर परत पाठवा. प्लॅनचं नाव, किती नाश्ते, माणसं किती, मुलांची वयं, हे सगळं आकड्यांत हवं.

---

पाऊलवाट

एजंटला कमिशन एकूण बिलावर मिळत असेल, तर एपीने कोणाच्या डोक्याचा ताप कमी होतो तेही कळलं.