घरात एकच गाडी आणि तीही विजेची: पुरेशी ठरते का?

वाटसरू:
गेली तीन वर्षे आमच्या घरात विजेवर चालणारी एकच गाडी आहे आणि रोजच्या कामापासून वर्षाकाठच्या चार-पाच लांबच्या प्रवासांपर्यंत सारे काही तिच्यावरच होते. ‘जवळपास फिरायला ठीक आहे, लांब जायचे तर पेट्रोलचीच हवी’ हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की एकदा हिशेबच मांडतो. बॅटरी ६० युनिटची आहे. शहरात ब्रेक लावताना काही ऊर्जा बॅटरीत परत येत असल्याने एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर मिळतात, तर महामार्गावर ताशी १०० च्या वेगाने पाच. रात्री ७.४ किलोवॉटच्या घरगुती चार्जरला गाडी लावली की आठ तासांत ती जवळजवळ रिकामी असली तरी भरते. पूर्ण भरून निघाल्यास १० टक्के उरेपर्यंत २७० किलोमीटर होतात. पुढे जलद चार्जरवर अर्ध्या-पाऊण तासात ८० टक्क्यांपर्यंत भरून आणखी २१० किलोमीटर. एवढ्या अंतरानंतर माणसालाही थांबायचेच असते. मग दुसरी गाडी कशासाठी?

उलटतपासणी:
आपला हिशेब चुकीचा नाही, पण त्यात प्रत्येक आकडा आपल्या सोयीचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून १२० वर गेलात तर तो ४४ टक्क्यांनी वाढतो आणि आपले पाच किलोमीटर चारच्या जवळ येतात. त्यात कडाक्याची थंडी असेल तर गाडी उबदार ठेवण्याचा खर्च निराळा. आपण ८० टक्क्यांवर थांबता ते हौसेने नव्हे; बॅटरी भरत आली की चार्जिंगचा वेग उतरतो आणि शेवटच्या २० टक्क्यांना बरेचदा आधीच्या ७० टक्क्यांइतका वेळ लागतो. पण माझा खरा आक्षेप चार्जरविषयी आहे. एका प्रवासात आम्ही १२ टक्क्यांवर चार्जरपाशी पोहोचलो, तर दोनपैकी एक बंद होता आणि दुसऱ्यापुढे दोन गाड्या होत्या. ॲपमध्ये मात्र दोन्ही उपलब्ध दिसत होते! पेट्रोल पंप बंद असला तर पुढच्या पंपापर्यंत जाता येते, रांग असली तरी पाच-दहा मिनिटांत सरते. दुसरी गाडी नसलेल्या घराने हा धोका कोणाच्या भरवशावर घ्यायचा?

वाटसरू:
हा आक्षेप मान्य आहे, कारण पहिल्या वर्षी मीही एकदा असाच अडकलो होतो. तेव्हापासून मी १० टक्क्यांपर्यंत उतरतच नाही. २५ टक्के उरले असता थांबतो आणि पुढच्या टप्प्यावरचा पर्यायी चार्जर निघण्यापूर्वीच पाहून ठेवतो. त्यामुळे टप्पे आखूड होतात आणि एखादा थांबा वाढतो, हे खरे.

घाटवेडा:
चढाची धास्ती उगाच वाढवली जाते म्हणून लिहितो. दोन टनांची गाडी १००० मीटर उंच चढवायला साधारण साडेपाच युनिट जास्तीचे लागतात आणि उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो. मात्र वर मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरू नये. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज साठवायला जागा नसते आणि सारा उतार नेहमीच्या ब्रेकवर काढावा लागतो.

भाडेकरू:
आपण सगळे लांबच्या प्रवासावर भांडत आहात आणि हे मला थोडे गमतीचे वाटते, कारण मला अडचण रोजच्या वापराची आहे. तुम्हा तिघांकडेही रात्री गाडी लावायला स्वतःचा चार्जर असावा. माझ्याकडे तो नाही. मी ही गाडी घेतली तर दर आठवड्याला तास-दीड तास सार्वजनिक चार्जरपाशी काढावा लागेल, घरच्यापेक्षा महाग वीज घ्यावी लागेल आणि सतत जलद चार्जिंगने बॅटरीवर येणारा ताण निराळा. महामार्गावरचा थांबा वर्षातून चार वेळा सोसता येतो. हा थांबा वर्षातून पन्नास वेळा येणार आहे.

उलटतपासणी:
हा मुद्दा माझ्याही ध्यानात आला नव्हता. मग माझे म्हणणे थोडे बदलतो: ज्यांच्याकडे घरी चार्जर आहे त्यांनी विजेची एकच गाडी जरूर ठेवावी आणि अनोळखी, चार्जर विरळ असलेल्या वाटेसाठी पेट्रोलची गाडी भाड्याने घ्यावी. दोन-चार प्रवासांसाठी वर्षभर दुसरी गाडी सांभाळण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

वाटसरू:
भाड्याची गाडी मला अजून लागलेली नाही, पण सल्ला रास्त आहे. भाडेकरू, ७.४ किलोवॉटच हवेत असे नाही; ३.३ किलोवॉटच्या साध्या जोडणीवरही दहा तासांत ३० युनिटपर्यंत वीज मिळते आणि रोजच्या धावपळीला तेवढी पुरून उरते. गाडी उभी राहते तिथे एखादा सॉकेट आहे का?

भाडेकरू:
सॉकेट आहे, पण तो इमारतीच्या सामाईक मीटरवर आहे. माझ्या मीटरपासून खालपर्यंत स्वतंत्र वायर ओढायची तर घरमालकाची परवानगी लागेल. त्यांना पत्र दिले आहे. उत्तर येईपर्यंत जुनी पेट्रोलची गाडी विकायचे थांबवले आहे.